सुमनची बांधी

“माहेरात एक बांधी असली ना, तं बाईचं जाणं-येणं बंद नाही होत.”

आई हे बोलली तेव्हा मी नववीत होते. खापरखेड्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ती तांदळाच्या पोत्याची सुतळी उसवत होती. ते पोतं तिच्या धाकट्या भावानं, दौलतमामांनी, एसटीच्या टपावर टाकून आणलं होतं. माझं लक्ष मामांच्या पिशवीतल्या चिवड्याकडे होतं. आईचं वाक्य कानावरून गेलं आणि, आता कळतं, तिथेच कुठेतरी बसून राहिलं.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. नेहमीप्रमाणे तब्येत, पोरांची शाळा, पुण्यातली थंडी असं सगळं विचारून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता म्हणाले, “यंदाचं धान शेवटचं हाय, पोरी. जमीन लेआऊटमधी चालली. पाहून जा.”

मी तिकीट काढलं.

पुण्यात मैत्रिणींना सांगितलं की आईची बांधी बघायला नागपूरला चालले आहे, तर एकीलाही शब्द कळला नाही. म्हणून तुमच्यासाठी आधीच सांगते. पूर्व विदर्भात धानाचं शेत एकसंध नसतं. मातीचे कमरेखालचे बांध घालून त्याचे लहान लहान तुकडे केलेले असतात. त्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. मावळात, कोकणात खाचर म्हणतात तेच, पण आमच्याकडच्या सपाट मुलखातलं. शब्द बांधापासून आला, बांध ‘बंध’पासून. बंधन, बांधिलकी, बांधव, बंधू ही सगळी त्याच घरची माणसं. घरून निघताना मला वाटत होतं की बांधी म्हणजे वाटून टाकलेली जमीन. ते चूक होतं, पण त्याबद्दल पुढे.

हुडकेश्वर

दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात पुणे-नागपूर रेल्वेचं तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका. मी शेवटी स्लीपर बसनं गेले. नेहमीच्या दीडपट भाडं पडलं आणि पाठ अवघडली ती वेगळी. सकाळी मामांचा मुलगा प्रफुल मोटरसायकल घेऊन उभा होता. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात आहे आणि दुसऱ्या पाळीला जायच्या आधी मला घ्यायला आला होता.

“ताई, पहिले पोहे, मग घर. रिकाम्या पोटी हुडकेश्वरचे खड्डे झेपत नाही कोणाले.”

तर्रीपोहे खायचे तर हातगाडीवर, उभ्यानं. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वरून कच्चा कांदा. पुण्याच्या पोह्यांची सवय असलेल्यांनी तर्री बाजूला मागून घ्यावी. मी नाही मागितली आणि डोळ्यांतून पाणी आलं. प्रफुल म्हणाला, “झाली तू पुण्याची.”

त्याचं घर हुडकेश्वरच्या एका लेआऊटमध्ये आहे. नागपुरात हा शब्द पानटपरीवरसुद्धा ऐकू येतो. शेत घ्यायचं, नकाशा काढायचा, रस्ते आखायचे, प्लॉट पाडायचे, झालं लेआऊट. प्रफुलचं घर नीटनेटकं आहे. पुढे जास्वंद, मागे विंधणविहीर. हॉलच्या भिंतीवर मात्र गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीचा एक सरळ पट्टा दिसला. मी बघतेय हे त्याच्या बायकोच्या, अश्विनीच्या लक्षात आलं.

“पावसाळ्यात आमच्याकडे हॉलमधीच तलाव होते, ताई. प्लॉट घेतला तेव्हा उन्हाळा होता ना. इथं पहिले काय होतं, ते कोणी विचारलंच नाही.”

“काय होतं?”

“वावर होतं म्हणतात. खोलगट.”

प्रफुलनं डोक्याला टॉवेल बांधत आतून उत्तर दिलं, “म्हणूनच सांगतो, आपल्या लेआऊटमधी भराव टाकाले लावीन. आपलं नाव खराब नाही झालं पाहिजे.”

‘आपल्या’ म्हणजे मामांच्या शेतावर पडणाऱ्या लेआऊटमध्ये. हे तो अगदी सहज म्हणाला.

मौद्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी गणेशपेठच्या बसस्थानकावरून भंडाऱ्याकडे जाणारी एसटी पकडली. मौद्याला उतरायचं. तासाभराचा रस्ता आहे आणि महिलांना अर्धं तिकीट. शक्यतो डाव्या खिडकीशी बसा, सकाळचं ऊन उजवीकडून येतं. पारडी संपेपर्यंत गोदामं, ट्रक, धूळ. मग मध्ये मध्ये धान दिसायला लागतं, आणि धानाच्या मधोमध लेआऊटच्या कमानी. नुसत्या कमानी. आत घर नाही, झाड नाही, चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे ठेंगणे खांब. कमानींवर मात्र मोठमोठी नावं, नंदनवनापासून वृंदावनापर्यंत.

शेजारी एक म्हातारी बाई संत्र्यांची थैली मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला एक संत्रं दिलं. मी सोलत असताना तिनं विचारलं, “कोणाकडे जाऊन राहिली?”

“मामाकडे. धान कापायला.”

तिनं माझ्या चपलांकडे, मग हातांकडे बघितलं. “कापाले का पाहाले?”

बसमधले दोघे-तिघे हसले. मीही हसले. तिचं बरोबरच होतं.

कन्हानचा पूल ओलांडल्यावर पुढे मामांच्या गावापर्यंत शेअर ऑटो मिळते. ऑटो भरेपर्यंत हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर दोन जागांचे पैसे द्या. मला घाई नव्हती.

बावीस बांध्या

मामींनी दारातच माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. “आली वं माय! किती सुकली. पुण्यात जेवू नाही देत का?” मग आतल्या दिशेनं, “अहो, या इकडे, सुमनबाईची पोरगी आली.”

मामा खुर्चीतून उठायला वेळ घेतात आता. गुडघे गेलेत. जवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात आईच्या हातासारखा आहे, तसाच रुंद आणि कोरडा.

जेवायला पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि नव्या तांदळाचा भात. नवा तांदूळ चिकट होतो, शहरात लोक नाकं मुरडतात. आमच्याकडे त्याचीच वाट बघतात.

मी मामींना म्हटलं, “मामी, तुला करमेल का गं, बांध्या नसल्या तर?”

“मले? माह्या बापाले फसवलं या बांध्यांनी!”

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी प्रत्येक वेळी सांगायला लावून ऐकतात. मामी हिंगणघाटाकडच्या, कापसाच्या मुलखातल्या. तिथे शेत म्हणजे वावर, एक टोक दिसलं तर दुसरं दिसत नाही असं.

“बापाले सांगतलं, पोराकडे बावीस बांध्या हाय. आमच्याकडे दोन वावरं असले तं माणूस मिशीले पीळ देते. बावीस म्हणजे तं जमीनदारच! बाप चहा न पेताच हो म्हणून आला. लग्नानंतर सासूसंग धुऱ्यावर आली, तं एकेक बांधी अंगणाएवढी.”

“अंगणाएवढी काहून?” मामा उखडले. “त्या चिचेच्या बांधीत अख्खी वरात बसते.”

“बसवाची होती ना मंग! माह्या बापानं मोजून तं घेतली असती.”

मामा हसता हसता खोकले. तेवढ्यात मामींच्या डोळ्यांत काहीतरी येऊन गेलं. “फसला बिचारा,” त्या म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या. “पण बावीसच्या बावीस नाव घेऊन सांगू शकते मी आजही.”

आणि त्यांनी खरंच सांगितली. चिचेची, विहिरीवरची, भुताची, लांबोळी, आंधळी, रस्त्याकडची मोठी. प्रत्येक बांधीला नाव आहे. सातबाऱ्यावर त्यातलं एकही नाही, तिथे सगळी मिळून एकच गट नंबर. शेवटचं नाव त्यांनी जरा थांबून घेतलं. सुमनची.

सुमन माझी आई. आजोबा गेल्यावर तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. सगळ्याच बहिणी करायच्या, अजूनही करतात. त्या दिवशी तिला लुगडं आणि पुरणपोळी मिळाली. पण घरी आल्यावर आजीनं सर्वांसमोर सांगितलं की रस्त्याच्या कोपऱ्यातल्या बांधीचं धान दरवर्षी सुमनचं. कागदावर नाही, बोलण्यातच. तेव्हापासून ती बांधी सगळ्यात शेवटी कापायची, तिचं पुंजणं, म्हणजे धानाची गंज, वेगळं रचायचं, तिचे तांदूळ दुसऱ्यात मिसळायचे नाहीत, असं चालत आलं. आधी पोतं खापरखेड्याला यायचं. आई गेल्यावर ते ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला माझ्याकडे यायला लागलं. मी मामांना एकदाही विचारलं नाही की का पाठवता. आईनंतरही ते येतच होतं, आणि येतं ते आपलंच, असं मला वाटत राहिलं.

शेतात

दुपारी शेतावर गेलो. मामा काठी टेकत पुढे, मी मागे, माझ्यामागे मामी. प्रफुलची सुट्टी होती, तोही नागपूरहून मोटरसायकलनं आला होता.

वळणावर मी थांबलेच. सगळीकडे धान कापून झालं होतं. यंदा मजूर मिळाले नाहीत म्हणून यंत्र लावलं होतं. यंत्राला वळायला जागा लागते, तेव्हा मधले कितीतरी बांध त्यानं बसवून टाकले होते. धसकटं, चाकांच्या खोल चाकोऱ्या, विस्कटलेली तणस. आणि रस्त्याच्या कोपऱ्यात एकच बांधी उभी होती. पिवळीधम्मक, ओंब्यांच्या भारानं वाकलेली.

“ठेवली तुह्यासाठी,” मामा म्हणाले. “डुकरांनी थोडी खाल्ली. राखण केली, पण खाल्ली.”

चार बायका कापायला आल्या होत्या. त्यांतल्या रेखाबाईंनी माझ्या हातात इळा दिला आणि मूठ कशी धरायची ते दाखवलं. मी विचारलं, “ही कोणाची बांधी, ठाऊक आहे?”

“सुमनची.”

“सुमन कोण?”

“असंल कोणी पहिलेची मालकीण,” त्या म्हणाल्या आणि सपासप पुढे गेल्या.

मी आईला त्या बांधीत कधीही पाहिलेलं नव्हतं. तिचं नाव मात्र तिला न ओळखणाऱ्या बाईच्या तोंडात होतं, झाडाबिडाचं असावं तसं. मला ते आवडलं आणि बोचलंही.

थोडंसं कापून मी कंबर धरून बांधावर बसले. मामा शेजारी बसले. उरलेले बांध किती वेडेवाकडे आहेत ते तिथून दिसत होतं. मी म्हटलं, “मामा, मला वाटायचं हे वाटणीसाठी घातलेत.”

“वाटणीचा तो धुरा. तो सरळ राहते, त्याच्यावरून भांडणं होते.” काठीनं त्यांनी लांबची हद्द दाखवली. “बांध पाण्यासाठी असते. पाणी जिथं थांबतो म्हणते, तिथं बांध घालाचा. आपण कोण आखणारे?”

“आन् वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत सोडाले तोंड ठेवाचं,” मामी मागून म्हणाल्या. “नाहीतं सगळं एकटीच पिऊन बसते. सासूसारखी.”

प्रफुल कापलेल्या भागात वाकून काहीतरी बघत होता. तो एकदम ओरडला, “बाबा! हे काय आहे?”

धसकटांच्या बुडाशी हिरवे कोवळे कोंब होते. एका बांधीत नाही, सगळीकडे. चाकोऱ्यांच्या काठानंसुद्धा.

लाखोरी. धान उभं असतानाच ओल्या मातीत तिचं बी फेकतात. धान निघतं आणि खालून लाखोरी वर येते, ती फाल्गुनात काढायची. दरवर्षीचा नेम आहे तो. पण यंदा जानेवारीत जेसीबी येणार होता, आणि ते ठरवणाऱ्या बैठकीत मामा स्वतः बसले होते.

“जेसीबी येऊन राहिला जानेवारीत, आन् तुम्ही लाखोरी फेकून राहिले? कोण खाईन हे?”

मामांनी कोंबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शाळेत चूक सापडलेल्या पोरासारखा झाला.

“हातानं फेकली गा,” ते म्हणाले. “मी नाही फेकली.”

रेखाबाईंनी इळा थांबवला आणि पुन्हा चालवला. प्रफुल उकिडवा बसला, एक कोंब उपटून त्यानं चघळला आणि हळू आवाजात मला म्हणाला, “ताई, तू मले व्हिलन नको समजू. बाबाले होत नाही आता. मजूर मिळत नाही. मी हिंगण्याले पाळी करू का इथं पाण्याची पाळी करू?”

मी त्याला व्हिलन समजत नव्हते. ही जमीन करायला मी पुण्याहून येणार नव्हते, हे त्याच्याइतकंच मलाही माहीत होतं.

मग त्यानं मोबाइलवर नकाशा दाखवला. अजून पास व्हायचा आहे, म्हणाला, कच्चा आहे. सरळ रेघा, चौकोनी खण, प्रत्येकात आकडा. मी चिचेच्या बांधीतलं चिंचेचं झाड शोधत राहिले. ते नकाशात नव्हतं. रस्त्यावरून अंदाज घेतला तेव्हा आईची जागा सापडली. सुमनची बांधी म्हणजे पहिले चार प्लॉट.

“कोपऱ्याचे. हे सगळ्यात पहिले उचलतात लोक,” प्रफुल म्हणाला.

“आणि ही हिरवी जागा?”

“ओपन स्पेस. नियमानं सोडाच लागते. नाल्याकडे टाकली, तिथं कोण घर बांधते?”

नाल्याकाठची ती आंधळी बांधी. तिथे धान कधी धड पिकलं नाही.

निघताना

दोन दिवस राहिले. या भागात येणार असाल तर नोव्हेंबरच्या मध्याला या. थंडी सुखाची असते, संत्री आलेली असतात. गावात हॉटेल नाही. मौद्यात राहण्यापेक्षा नागपुरात राहून सकाळच्या बसनं येणं सोयीचं. कापणीच्या दिवसांत कुणाच्याही शेतात थांबून विचारलंत तर चहा मिळतो. बांधावरून चालताना मात्र मधोमध चाला, कड ढासळते.

निघायच्या दिवशी मामांनी स्वतः पोत्याचं तोंड शिवलं. सुईत सुतळी मामींनी ओवून दिली, कारण मामांना आता जवळचं दिसत नाही. शिवता शिवता वर न बघता म्हणाले, “तुह्या आईनं सही केली, पण मी इसरलो नाही. यातून तुले काही पाहिजे असंल तं सांग. आत्ता सांग.”

प्रफुल मोटरसायकलला पोतं बांधायला दोर शोधत होता, तो थांबला. मामीही थांबल्या.

मला काय पाहिजे ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी ते बोलले असते तर मामा हो म्हणाले असते. बहिणीच्या लेकीला त्यांनी आयुष्यात नाही म्हटलेलं नाही. मग त्यांना त्या ‘हो’साठी स्वतःच्या मुलाशी रोज भांडावं लागलं असतं, या गुडघ्यांनी, या वयात.

“काही नको मामा,” मी म्हटलं. “तांदूळ दिलेत ना.”

त्यांनी गाठ मारली आणि उरलेली सुतळी दातानं तोडली. त्यांना सुटल्यासारखं वाटलं की वाईट वाटलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

घरी

पोतं पुण्यात आमच्या गॅलरीत उभं आहे. मी अजून उसवलेलं नाही. मुलगी विचारते की नवीन तांदूळ कधी करायचा. या रविवारी, असं दोन रविवार म्हणून झालं. याच्यानंतर पोतं येणार नाही. दुकानातून तांदूळ आणता येईल, आणि नागपूरलाही जाता येईल. प्रफुल आहे, अश्विनी आहे, मामी ओरडून बोलावतील. जाणं-येणं बंद होणार नाही. पण आईनं ते वाक्य म्हटलं तेव्हा तिला काय धरून ठेवायचं होतं, ते मला त्या कोपऱ्यात, ओंब्यांमध्ये उभं राहिल्यावर कळलं. तिला तांदूळ नको होते. तिला तिथे एक जागा हवी होती, जिथे तिचं नाव घेतल्याशिवाय कापणी पुरी होत नाही.

आज प्रफुलला फोन लावला. तो पाळीवर होता, उचलला नाही. मग मी लिहून पाठवलं. मामांना मागू शकले नाही, कारण ते नाही म्हणू शकत नाहीत. प्रफुल म्हणू शकतो, म्हणून त्याला. त्याचं उत्तर मला माहीत आहे, त्यानं कोपऱ्याच्या प्लॉटचा हिशोब आधीच सांगितलाय आणि तो चुकीचाही नाही. तरी पाठवलं:

“प्रफुल, नकाशा पास व्हाचा आहे म्हणाला होता ना तू. ओपन स्पेस सोडाच लागते, तं ते नाल्याकडे नको टाकू. रस्त्याच्या कोपऱ्यात टाक, पहिल्या चार प्लॉटच्या जागी. झोपाळे लाव, घसरगुंडी लाव, काही पण लाव. नाव नको देऊ. फक्त तिथं भराव नको टाकू, पावसाळ्यात थोडं पाणी थांबू दे. बाबाले नको सांगू मी मागितलं म्हणून. करशील का?”